जाळीवरचं औषध

टेकडीवर मरियम माउलीच्या गुहेमागे एक लोखंडी जाळी आहे. गुहा म्हणजे काळ्या दगडांत रचलेला मोठा कोनाडा आणि त्यात निळ्या कमरपट्ट्याची पांढरी मूर्ती. मागच्या फटीतून माकडं आत शिरू नयेत म्हणून कधीकाळी ही जाळी बसवली. मग कुणीतरी बरं झालं आणि जाताना आपली कुबडी तिला बांधून गेलं. तेव्हापासून प्रथा पडली. आता तिथे कुबड्या आहेत, मानेचे पट्टे आहेत, चष्मे आहेत, लहान मुलांच्या पायातले आधाराचे बूट आहेत आणि प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून बांधलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या आहेत. उन्हाने त्यांच्यावरची अक्षरं उडून गेली आहेत. फादरांनी शेजारी पाटी लावली आहे: ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नये.’ एसटी स्टँडवर थुंकण्याबद्दलची पाटी वाचावी तशी लोक ती वाचतात.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, आजाऱ्यांच्या दिवशी, म्हणजे आजारी माणसांसाठी इथे खास प्रार्थना होते त्या दिवशी, चांदबीने याच जाळीला आपल्या मुलीच्या गोळ्या बांधल्या होत्या.

चांदबी सुलतानपूरची. आसपासच्या आठवडी बाजारांत बांगड्या भरते. तिच्या कौसरला लहानपणापासून मिरगीचे झटके येत. जालन्याच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी ते कमी झाले होते, पण थांबले नव्हते. ताईत झाले, दर्गे झाले. मग बाजारात एका गिऱ्हाईक बाईने टेकडीचं नाव सांगितलं. तिथली मूर्ती मरियम बीबीची आहे असं कळल्यावर चांदबीचा संकोच गेला. मरियम तिला परकी नव्हती. तिच्या मावशीचंच नाव मरियम होतं. पावसाळा संपल्यापासून दर शनिवारी ती मुलीला घेऊन टेकडी चढली, आणि त्या हिवाळ्यात कौसरला एकही झटका आला नाही. आजाऱ्यांच्या दिवशी रवी मास्तरांनी, म्हणजे गावोगाव प्रार्थना घेणाऱ्या चर्चच्या प्रचारकांनी, तिच्या हातात माइक दिला. ‘माही पोरगी बरी झाली,’ एवढंच तिला बोलता आलं. मग ती रडू लागली आणि मंडपातल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्या लोकांनी आपल्यासाठी टाळ्या वाजवाव्यात असं तिच्या आयुष्यात पूर्वी कधी घडलं नव्हतं.

जून महिन्यात कौसर चुलीपाशी भाकरी टाकत असताना झटका आला. डावा हात कोपरापर्यंत भाजला. शेजारपाजाऱ्यांना चांदबीने सांगितलं की कढईतलं तेल उडालं. त्यानंतर झटके येत राहिले, कधी पंधरवड्याने, कधी महिन्याने. गोळ्या पुन्हा सुरू कराव्यात हे तिच्या मनात आलं नाही असं नाही. पण मरियमपुढे जे सोडून दिलं तेच पुन्हा दुकानातून विकत आणायचं, म्हणजे दिलेली वस्तू परत मागणं, असं तिला वाटे. शिवाय सुलतानपुरात दुपारी घेतलेली गोळी संध्याकाळपर्यंत गावभर होते. आणि त्याच दिवसांत मलकापूरहून ओळखीतल्या राबियाचा, कौसरला मागणी घालणारा, निरोप आला. तिच्या मुलाचं, तौसिफचं, स्टेशनाजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. मुलीला पूर्वी फिट येत हे राबियाला ठाऊक होतं. ती बरी झाली हेही तिने ऐकलं होतं. ‘कुठून का होईना, बरी झाली ना?’ तिने विचारलं होतं. चांदबी ‘हाव’ म्हणाली. ईदनंतर निकाह ठरला.

ज्या टेकडीने सून बरी केली ती डोळ्यांनी पाहायची, असा राबियाचा हट्ट होता. म्हणून यंदाच्या आजाऱ्यांच्या दिवशी त्या तिघी मिळून पायऱ्या चढत होत्या. दोन्ही बाजूंना हरभरा काढून झाला होता आणि ऊन सकाळीच चटका देऊ लागलं होतं. राबिया दर वळणावर थांबत होती.

‘एवढ्या उंचावर बसवलं बीबीले,’ ती धापा टाकत म्हणाली. ‘बरं व्हायच्या आधी मानूस वरच जाईन.’

‘खाला, तुम्ही बसा. मी पाणी आणते,’ कौसर म्हणाली.

‘राहू दे. आतापासूनच सासूची सेवा केली तर लग्न झाल्यावर भांडाले काय उरन?’

कौसर हसली. चांदबी तिच्या हसण्याकडे पाहत होती. तोंडाचा कोपरा ओढला जातो का, डाव्या हाताचा अंगठा मुठीत शिरतो का, हे पाहण्याची तिच्या डोळ्यांना सवयच लागली होती. कौसरने लांब बाहीचा कुर्ता घातला होता. आजचा दिवस निघाला पाहिजे, मग रमजान, मग ईद. पुढचं पुढे, असं चांदबी मनाशी म्हणत होती. पुढे काय, तिथवर तिचा विचार पोचत नव्हता.

वर मंडप घातला होता. गुहेच्या समोर, सावलीच्या बाजूला, आजाऱ्यांसाठी मोठी ताडपत्री अंथरली होती. तिच्यावर लकवा झालेली माणसं होती, डायलिसिससाठी हाताला पट्ट्या बांधलेली होती, नाकात नळी घातलेला एक तरुण होता, आईच्या मांडीवर मान टाकून पडलेली मुलं होती. गेल्या वर्षी ज्यांनी बरं झाल्याची साक्ष दिली ती माणसं यंदा गळ्यात निळा पट्टा घालून या सगळ्यांना पाणी देतात, त्यांचे पाय धुतात. रवी मास्तरांनी चांदबीला लांबूनच ओळखलं.

‘या या, चांदबीबाई! पट्टे ठेवलेत तुमच्यासाठी. कौसर, बादली त्या नळाखाली आहे बरं.’

राबियाने पाहिलं की मास्तर आपल्या विहिणीला नावाने ओळखतात, दोन-चार बायकाही तिला ‘भाभी, भाभी’ म्हणून बोलावतात, आणि ती खूश झाली. आपणही कुणीतरी आहोत अशा थाटात तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

तेवढ्यात गीताबाई आली.

गीताबाई देऊळगाव राजाच्या बाजूची, शेतकऱ्याच्या घरची. तिची काजल सात वर्षांची. मागच्या वर्षी बालाजीच्या यात्रेत चांदबीच्या बांगड्यांच्या गाड्यासमोरच काजलला झटका आला होता. भोवती गर्दी जमली, कुणी कांदा आणा म्हणालं, कुणी चप्पल. चांदबीने सगळ्यांना मागे सारलं, मुलीला कुशीवर वळवलं आणि तिच्या डोक्याखाली आपली ओढणी घडी करून ठेवली. पोर शुद्धीवर आल्यावर गीताबाई तिला छातीशी धरून बसली होती. तेव्हा चांदबीने तिला टेकडीबद्दल सांगितलं. माझीही अशीच होती, आता बरी आहे, असं सांगितलं. कौसरचा हात भाजून तेव्हा चार महिने झाले होते. पण ते सांगत असताना, समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर रंग परत येताना पाहत असताना, चांदबीला स्वतःलाही ते खरं वाटलं होतं.

‘भाभी!’ गीताबाईने तिचे दोन्ही हात धरले. ‘तुमचे पाय धुवाव तरी कमीच. दिवाळीपासून एक झटका नाही पोरीले. एक नाही!’

‘अल्लाची मेहरबानी,’ चांदबी म्हणाली.

‘अन् तुमची. काजल, पाया पड मावशीच्या. हे यायचं म्हणत नव्हते,’ ‘हे’ म्हणजे तिचा नवरा उत्तमराव. ‘म्हणे, गोळ्यानंच फरक आहे. म्या म्हटलं, गोळ्या तर आधीही होत्याच ना? आज आणल्या सगळ्या.’ तिने हातातली पिशवी वर केली. आत गोळ्यांच्या पट्ट्या होत्या आणि सिरपची अर्धी बाटली. ‘मिस्सा झाली की जाळीले बांधते. तुम्ही कौसरच्या बांधल्या होत्या तश्याच.’

राबियाने काजलच्या गालावरून हात फिरवला. ‘पाहा आपा, तुमच्या एका बोलानं एका घराचं भलं झालं.’

गीताबाई मुलीला घेऊन मंडपात जागा शोधायला गेली आणि चांदबी हातात रिकामा पेला धरून उभी राहिली.

फादर सांगतील, असं तिने मग मनाशी धरलं. दर वर्षी सांगतातच. आणि खरोखरच मिस्सेत, म्हणजे त्या दिवसाच्या मुख्य प्रार्थनेत, फादर म्हणाले की डॉक्टरांचे हातही देवानेच घडवले आहेत, औषध हीसुद्धा त्याची देणगी आहे, कुणीही आपल्या मनाने ते सोडू नये. माइक खरखरत होता, पण शब्द कळत होते. चांदबीने मान उंचावून गीताबाईकडे पाहिलं. गीताबाई मान डोलावत होती. नंतर पाणी देण्याच्या निमित्ताने चांदबी तिच्याजवळ गेली.

‘फादर काय म्हणाले, ऐकलं ना?’

‘हाव ना. त्याहीले सांगाच लागते तसं,’ गीताबाई समजूतदारपणे म्हणाली. ‘उद्या कोणाचं काही कमीजास्त झालं तर पोलीस त्याहीलेच धरतीन.’

चांदबी तिथून सरळ रवी मास्तरांकडे गेली. ते माइकच्या तारा गुंडाळत, साक्ष देणाऱ्यांना ओळीत बसवत होते.

‘मास्तर, मले माइक पाहिजे.’

‘तुमची तर गेल्या साली झाली ना साक्ष?’

‘तीच परत घ्यायची आहे.’

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी हातातली तार खाली ठेवली आणि आवाज उतरवला. ‘कौसरले काही झालं काय?’

तिने होकारार्थी मान हलवली.

‘बाई...’ मास्तर हळहळले. ते खोटं नव्हतं. ‘हे माइकवर नाही सांगता येत. इथं किती दुरून दुरून लोक येऊन बसलेत, काय आशेनं आलेत, पाहता ना तुम्ही. तुम्ही फादरले भेटा. पण आता ते कन्फेशनले बसलेत, अन् ते आमच्यातल्याच लोकांचं असते. सांच्याले भेटा. नक्की भेटा.’

सांजेपर्यंत जाळीवर गाठ बसली असती. गीताबाई आपल्या गावी पोचली असती आणि काजलने रात्रीची गोळी घेतली नसती. चांदबीला चुलीपाशी पडलेली कौसर दिसली. जळत्या केसांचा आणि पिठाचा एकत्र वास तिला आला. राबिया मागेच होती, मंडपाच्या खांबाला टेकून गुडघे चोळत. ‘चला आपा,’ ती म्हणाली, ‘ती जाळी दाखवा मले. सगळे तिकडेच चालले.’

नाही म्हणण्याचं कारण चांदबीला सापडलं नाही.

जाळीपाशी गर्दी नव्हती. पाच-सात माणसं होती. गीताबाईने चपला लांब काढून ठेवल्या होत्या. गाठ पोरीच्या हातूनच बसावी म्हणून तिने काजलला कडेवर उचललं होतं. राबिया जाळीवरचा एक इवलासा बूट निरखत उभी राहिली. चांदबी पुढे झाली आणि तिने गीताबाईचं मनगट धरलं. बांगडी भरताना धरतात तसं. अंगठ्याखाली नाडी लागत होती.

‘गीताबाई, नका बांधू.’

‘काऊन? डाव्या हातानं झालं काय?’

‘तसं नाही. गोळ्या चालू ठेवा.’

‘आता तुम्हीच फादर झाल्या काय, भाभी?’ गीताबाई हसली.

‘कौसरले झटके येतात,’ चांदबी म्हणाली. ‘पावसाळ्यापासून येऊन राह्यले.’

राबियाचा हात बुटावरच थांबला. चांदबीने तिकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढचं बोलणं तिला जमलं नसतं.

गीताबाईच्या ओठांवर अजून हसू होतं, पण डोळ्यांत ते राहिलं नव्हतं. ‘यात्रेत तर तुम्ही म्हणाल्या होत्या—’

‘मी खोटं म्हणाली.’

‘यात्रेच्या आधीपासून...?’

‘हाव.’

गीताबाईने काजलला खाली ठेवलं. मग बराच विचार केल्यासारखं म्हणाली, ‘राग नका मानू भाभी. पण मग तुमचंच काही चुकलं असन. तुम्ही इथून घरी जाता, नमाज पढता. मायले समजत नसन, ही आपली का परकी. अर्ध्या मनानं आलं तर ते माय तरी किती करन?’

वर्षभर इथल्या माणसांत चांदबी वावरली होती. तू कोणाची, असं या टेकडीवर तिला कुणी विचारलं नव्हतं. आज विचारलं ते जिला तिने स्वतः इथे आणलं तिने.

‘अन् तुम्ही बालाजीले जाता,’ ती म्हणाली, ‘ते पुऱ्या मनानं?’

‘बालाजीचं वेगळं.’

‘कसं वेगळं?’

‘आमचं चालते ते,’ गीताबाईचा आवाज चढला. ‘माही पोरगी बरी होऊन राह्यली ते पाहवत नाही तुम्हाले. दिवाळीपासून एक झटका नाही तिले!’

‘माहीलेही नव्हता. असाच नव्हता.’

‘अवं, भांडाचं असन तर खाली जा,’ मागून एक बाई म्हणाली. ‘मायसमोर काय लावलं?’

गीताबाईने हात सोडवून घेतला आणि पिशवीचं तोंड जाळीतून ओवायला घेतलं. तेवढ्यात कौसर रिकामी बादली घेऊन नळाकडे निघाली होती, ती आवाज ऐकून तिथेच थांबली. तिने आईकडे पाहिलं, गीताबाईच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं, आणि राबियाकडे. मग बादली खाली ठेवली. डाव्या बाहीचं बटण काढून तिने ती घड्या घालत वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी आवळून चकचकीत झालेली होती, कुठे गुलाबी, कुठे काळपट. कोपराशी ती अशी ओढली गेली होती की हात पुरता सरळ होत नव्हता.

‘काकू, हे चुलीवर झालं,’ ती म्हणाली. ‘मले काहीच कळलं नाही. शुद्ध आली तेव्हा अम्मी हातावर पाणी ओतत होती.’

काजलने जवळ येऊन पाहिलं.

‘दुखते?’

‘आता नाही.’

‘मंग आधी?’

‘आधी लय दुखे.’

गीताबाई खाली बसली. पिशवी मांडीवर घेऊन तिने त्या हाताकडे कितीतरी वेळ पाहिलं आणि मग काजलला ओढून अशी धरली की पोर कुरकुरली. चांदबी तिच्यासमोर उकिडवी बसू लागली, तशी ती उसळली.

‘दूर व्हा! आज सांगता? यात्रेत कोणी विचारलं होतं तुम्हाले? म्या विचारलं होतं? माह्या लेकराले चुलीवर पडलेलं पाहाचं होतं मले?’

गीताबाई उठली, चपला हातातच घेऊन, मुलीला ओढत पायऱ्यांच्या दिशेने चालू लागली. पिशवी तिच्या काखेत होती. वळणावर नळ होता. तिथे ती थांबली, ओंजळीने काजलला पाणी पाजलं. त्यासोबत गोळी दिली की नाही, हे चांदबीला एवढ्या लांबून दिसलं नाही.

राबिया अजून जाळीपाशीच होती. तिने पुढे येऊन कौसरचा भाजलेला हात आपल्या हातांत घेतला आणि बोटांनी कोपरापर्यंत चाचपला. एखादी जाणती बाई लहान मुलाचा हाड-सांधा पाहते तसं.

‘मालिश करत जा,’ ती म्हणाली. ‘खोबऱ्याच्या तेलानं. नाहीतर आखडन हा.’

‘हो खाला.’

‘आपा, मले आधी सांगितलं असतं तर...’ राबियाने वाक्य तिथेच सोडलं. आधी सांगितलं असतं तर काय झालं असतं हे तिघींनाही माहीत होतं. ‘मी वाईट बाई नाही. पण माह्या घरी विहीर आहे, वर जायले लोखंडी जिना आहे, गॅस आहे. मी गुडघ्यानं लंगडी, तौसिफ दिवसभर दुकानावर. हिच्याकडे कोण पाहीन? उद्या हिले काही झालं तर लोक म्हणतीन सासूनं मारलं. अन् मी मले काय म्हणू?’

‘मी पाहीन ना तिच्याकडे,’ चांदबी म्हणाली. ‘मलकापूरले येऊन राहीन. कुठीही पडून राहीन.’

‘अम्मी,’ कौसर म्हणाली. ‘राहू दे.’

मंडपात सिस्टर बेनेडिक्टा आजाऱ्यांना सरळ बसवून घेत होत्या. तेलाचा आशीर्वाद सुरू होणार होता. कॅथलिक माणसांचा तो संस्कार. पण या टेकडीवर फादर ताडपत्रीवरच्या प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवतात, जो जिथून आला असेल तिथला. कौसरने गळ्यातला निळा पट्टा काढला, त्याची घडी केली आणि आईच्या हातात दिली. मग ती मंडपाकडे चालू लागली.

ताडपत्रीच्या कडेला एका स्वयंसेवकाने तिला अडवलं. ‘ए बाई, इथं आजाऱ्यांची जागा आहे. तुह्यी साक्ष झाली ना गेल्या साली?’

‘मी बरी नाही झाली,’ कौसर म्हणाली. तिने आवाज चढवला नव्हता, पण आजाऱ्यांमध्ये शांतता होती, त्यामुळे मागच्या रांगांपर्यंत ते ऐकू गेलं. निळ्या पट्ट्याच्या काही माणसांनी मान वळवली. एका बाईने दुसरीच्या कानात काही सांगितलं. स्वयंसेवकाला काय करावं ते सुचेना. तो मास्तर कुठे दिसतात का ते पाहू लागला.

‘येऊ दे ना तिले,’ खालून आवाज आला. केसरबाई नावाची एक म्हातारी होती, अर्ध्या अंगावरून वारं गेलेली. ‘तुह्या बापाची ताडपत्री आहे काय? ये वं माय.’ तिने चालत्या हाताने आपला निर्जीव पाय उचलून पलीकडे ठेवला आणि जागा केली. नळी घातलेल्या तरुणानेही आपली पाण्याची बाटली सरकवली. कौसर त्या दोघांच्या मध्ये बसली.

फादर तेलाची वाटी घेऊन रांगेतून आले. कौसरपाशी आल्यावर ते थबकले. त्यांनी तिला ओळखलं होतं. तिच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी प्रार्थना म्हटली, आणि ती संपल्यावरही हात उचलला नाही.

‘औषध चालू आहे, बेटा?’

कौसरने रांगेबाहेर उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं.

‘म्या बंद केलं, फादर,’ चांदबी म्हणाली. ‘गेल्या साली. साक्ष दिली त्या दिवशी.’

फादर वयाने फार मोठे नव्हते. उन्हाने त्यांचा चेहरा रापलेला होता. त्यांनी वळून गुहेकडे पाहिलं, तिच्यामागे जी जाळी होती तिकडे, आणि मग शेजारीच उभ्या असलेल्या सिस्टरांना म्हणाले, ‘गेल्या वर्षी टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.’ सिस्टर बेनेडिक्टांनी चांदबीला बाजूला घेतलं. कोणती गोळी होती, कुठले डॉक्टर, हे विचारलं आणि उद्या सकाळी आपण स्वतः जालन्याला सोबत येऊ असं सांगितलं. चांदबी प्रत्येक प्रश्नाला तुटक उत्तर देत होती. तिचं लक्ष पायऱ्यांकडे होतं. राबिया हळूहळू, कठड्याला धरून, एकटीच उतरत होती.

चांदबी धावत तिच्यामागे गेली. खाली फाट्यावर मेहकरला जाणारी जीप भरत आली होती. राबिया आत बसली आणि तिने पिशवी मांडीवर घेतली. जेवणाच्या पंगती वर बसायच्या होत्या. जेवून जा, असं म्हणण्याचं धाडस चांदबीला झालं नाही.

‘आधी दवाखाना करा,’ राबिया म्हणाली. ‘उद्याच जा. गोळी चुकवू नका तिची.’

‘तौसिफले...’

‘मी सांगीन त्याले. तुम्ही फोन नका करू.’ जीप सुरू झाली. राबियाने खिडकीतून हात बाहेर काढून चांदबीच्या खांद्यावर ठेवला आणि लगेच मागे घेतला. ‘पोरगी लय गुणाची आहे, आपा. हे मी खरं सांगते.’

चांदबी वर परतली तेव्हा साक्षी सुरू झाल्या होत्या. माइकवर एक माणूस सांगत होता की त्याच्या डोळ्यांपुढचं जाळं गेलं. ताडपत्रीवर आजाऱ्यांना आधी वाढलं होतं. वरण, भात आणि बुंदी. कौसर डाव्या हाताने पत्रावळ धरून उजव्या हाताने केसरबाईला भरवत होती. आईला पाहून ती थोडी सरकली. चांदबी ताडपत्रीच्या कडेपाशी उभी राहिली. आत यावं की नाही, ते तिला कळत नव्हतं. शेवटी ती चप्पल काढून मुलीच्या मागे, पाठीला पाठ लागेल अशी, बसली.

‘खाला गेल्या?’

‘हो.’

‘काय म्हणाल्या?’

‘दवाखान्यात जा म्हणाल्या.’

कौसरने केसरबाईच्या हनुवटीवर ओघळलेलं वरण बोटाने पुसलं. ‘त्या गोळ्यांनी मले लय झोप यायची, अम्मी. आठवते? शाळेत बाकावरच झोपायची मी.’

‘आठवते.’

‘आताही येईन?’

‘येईन बहुतेक.’

‘तर मग मी बाजारात तुह्यासंग नाही यायची सकाळी. तू एकटीच लावजो गाडा.’

‘लावीन,’ चांदबी म्हणाली. मागे न वळता ती म्हणाली, म्हणून तिचा चेहरा कौसरला दिसला नाही. माइकवरच्या माणसाचं बोलणं संपलं आणि मंडपात टाळ्या सुरू झाल्या. मग केसरबाईने तोंड उघडलं आणि कौसरने पुढचा घास उचलला.